पाचवी बाजू

खोव्दच्या निवासी शाळेत जानेवारीत
खडू बोटांत धरवत नाही.
म्हणून फळा सोडला,
आठवीचा वर्ग शेगडीभोवती घेतला
आणि बुरणुसावर ठेवलं
मेंढीच्या घोट्याचं एक हाड.

"याच्या बाजू?"
विचारायचा अवकाश,
घोडा, उंट, मेंढी, शेळी!
अक्षरांआधी हेच शिकतात इथली पोरं.

शेगडीपुढच्या पत्र्यावर कोळशानं
महिरपी कंस काढला, चौघांना आत घेतलं,
दार लावावं तसा कंस लावला.
"हा नमुना अवकाश.
जे होऊ शकतं ते सगळं आत.
आणि घटना म्हणजे त्यातलीच एखादी मूठ.
समजा, 'ज्याची लोकर मिळते तो पडला'.
मुठीत कोण? मेंढी."

"शेळीपण, बाई, विंचरून," नोमुंदारी म्हणाली.
"उंटाची तर पोत्यानं," मागून कोणी.
"घोड्याची आयाळ? दोर कशाचे वळतात मग?"
घटना फुगत फुगत
अख्ख्या अवकाशाएवढी झाली.
"हिला निश्चित घटना म्हणतात,"
मी हरल्या आवाजात म्हटलं.

'कुत्रा पडला' याला सगळे हसले.
रिकामा कंस:
समोरासमोर दोन मिशा, मध्ये तोंडच नाही.

"चार बाजू, म्हणजे प्रत्येकीला पाव?"
चोइदोगनं मान हलवली.
"मेंढी नि शेळी रुंद अंगावर लोळतात.
घोडा अरुंद. तो सारखा सारखा येत नाही."
पुस्तकातलं नाणं मी मुकाट्यानं
खिशात टाकलं.

मग त्यानंच हाड फेकलं.
ते बुरणुसाच्या चुणीत अडखळलं,
डुललं,
आणि उभं राहिलं. टोकावर.

ना घोडा, ना उंट.
शेगडीत शेण तडतडलं तेवढंच.
"ओंख," कोणीतरी हळूच म्हणालं.
याला नावसुद्धा होतं,
सगळ्यांना माहीत होतं,
आणि एकानंही सांगितलं नव्हतं.

"फरशीवर नाही होत, बाई," चोइदोग म्हणाला,
"मऊ जागेवर होतं."
म्हणजे कुठे फेकणार
ते आधी ठरवायचं,
मग कंस.
हे मी शिकवायला हवं होतं.

हाड त्याच्याच घरचं.
गेल्या वर्षीच्या झुदमधलं,
गवतावर बर्फ काचेसारखा बसला तेव्हाचं.
त्याच्या बापानं शरदात मांडला होता हिशेब:
जुळी कोकरं, एकच कोकरू, लांडगा.
काच नव्हती त्यात.

रात्री वह्या तपासल्या.
चोइदोगनं लिहिलं होतं
घोडा, उंट, मेंढी, शेळी, ओंख,
पुढे स्वल्पविराम,
आणि कंस उघडाच.

लाल पेन टेकवलं, उचललं.
नियमाप्रमाणे अर्धा गुण कापला.
कंस मात्र
मी लावला नाही.