आधी कंदील

बँकेच्या साहेबांना दहा वर्षांचा आराखडा हवाय.
दहा रकाने, दरसाल बारा टक्के वाढ,
आणि तळाशी एक चौकोन : जोखीम व उपाययोजना.
बाकी सगळं भरून झालं.
त्या चौकोनापाशी मी तीन दिवस अडलेय,
हरिपूर रस्त्यावरच्या या ऑफिसात,
जिथं पंख्याच्या पात्यांनाही हळद लागलेली आहे.

आमच्या धंद्याला जमिनीवर जागा थोडी लागायची.
सगळं खाली.
पंधरा हात खोल पेवं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं
आणि पोट दोनशे पोत्यांचं.
भरलं की वर पाला, पाल्यावर माती,
आणि भाव येईपर्यंत गप्प बसायचं.
गप्प बसणं हा आमचा अर्धा व्यापार.

पेव उघडायच्या दिवशी मायाप्पा
भल्या पहाटे तोंडावरची माती ओढून काढी
आणि कुणाला जवळ फिरकू देत नसे.
"वाफ जाऊ द्या आधी.
घाईची माणसं खालीच ऱ्हात्यात."
तिन्हीसांजेला दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
ज्योत तगली तर माणूस उतरणार,
विझली तर आणखी एक दिवस,
मग ट्रक ताटकळो, की दलाल आईबापावर येवो.

महापुराच्या वर्षी आमची नऊ पेवं भरलेली होती.
अण्णांनी ज्येष्ठातच त्यांतली सहा फुंकली, पडत्या भावाला.
मार्केट यार्डात लोक हसले.
"नेमगोंडा म्हातारा झाला," म्हणाले,
"दिवाळीला दुप्पट येणाऱ्या मालाला आत्ताच पाय फुटले."

मग कृष्णा आली
आणि आठ दिवस गेलीच नाही.
पाणी उतरल्यावर हरिपुरात रस्ता कुठला, पेव कुठलं, कळेना.
फुगलेली हळद स्वतःच वर आली होती,
गुडघाभर पिवळा चिखल, आणि त्याला येणारा आंबूस वास
गणपती बसले तरी गेला नाही.

त्यानंतर अण्णांचा सत्कार झाला.
शाल, नारळ, दूरदृष्टी या शब्दाचा अकरा वेळा उच्चार.
(मी मोजले होते.)
अण्णा उत्तरादाखल उठले, हात जोडले आणि बसले.
एमबीएला मी त्यांच्यावरच प्रकल्प लिहिला :
बेचाळीस पानं, चार आकृत्या,
'अनिश्चिततेतील साठा-धोरण'.
कॉलेजात पहिली आले.

गेल्या फाल्गुनात, ते गेल्यावर,
लोखंडी कपाट लावताना त्या सालचा रोजमेळ हाती आला.
ज्येष्ठ वद्य नवमी.
त्यांचं तिरकं, घाईचं अक्षर :
सहा पेवं दिली. भाव पडका. शालनची फी व होस्टेल.
आणि खाली, दुसऱ्या शाईत :
नुकसान झालं. पोरीला सांगायचं नाही.

म्हणजे बेचाळीस पानांची ती दूरदृष्टी
मीच होते,
पुण्यातल्या एका खोलीचं भाडं भरून घेत बसलेली.

खूप वेळ मी कपाटाच्या दारात उभी होते.
हसू येत होतं, आणि ते नीट येत नव्हतं.

आता अभिनंदन म्हणतो, वायद्यात जाऊ.
त्याच्या फोनवर निजामाबादचा भाव दर सेकंदाला हलतो.
त्याचंही चूक नाही, पेवं आता कोण भरतं?
कुपवाडला शीतगृह घ्यायचंय, उंचावर,
त्यासाठीच तर हे कर्ज.

चौकोनात मी लिहिलं : पूरविमा.
मग लिहिलं : दर ज्येष्ठात तिसरा हिस्सा विकायचा,
भाव काही असो, कारण सापडो न सापडो.
वाचून पाहिलं.
साहेब विचारतील, याला आधार काय?
रोजमेळ दाखवू?
खोडलं. पुन्हा लिहिलं.

रात्री साडेनऊला भावाचा फोन.
"ताई, पाठवलास का आराखडा?"

"उद्या," म्हटलं.
"आज नुसतं तोंड उघडून ठेवलंय."