शुक्रवारचे वीस

सस्कॅचवान. बाहेर उणे तीस.
डार्लीन बोटं चोळत शिक्के मारते.
दर शुक्रवारी मेट्रो पिड्स्काल्नी येतो,
वीस डॉलर भरतो,
पुढल्या शुक्रवारी तेच वीस काढतो.
मधे गव्हाचा भाव, गुडघा,
आणि काउंटरवरचा डबा, पोरांच्या हॉकीसाठी ठेवलेला,
तो हलवून बघतो: "अजून हलकाच!"

आज साडेअकरा झाले तरी नाही.
तिने दारावरची पाटी उलटी केली,
मॅनेजरला विचारलंसुद्धा नाही.
रांगेतले तिघे तिच्यामागून बर्फात.

कोठारात सापडला, पाय मुरगळून बसलेला,
शिव्या देत.
खिशातून चुरगळलेली नोट काढली:
"भरून घे गं. शुक्रवार आहे."

दुपारी पासबुकात उमटलं: जमा वीस.
उशीर का झाला,
त्याला रकाना नसतो.