जेवणानंतरचे अर्ज

शुक्रवारी म्हापशात बैठक ठेवू नये हे कुणालाही कळतं,
पण हायस्कुलाची प्रयोगशाळा त्याच दिवशी रिकामी होती,
म्हणून आम्ही पाच जण उंच स्टुलांवर,
कोपराला बेसिनची तोटी लागतेय,
समोर त्रेचाळीस अर्ज
आणि परिषदेत कार्यशाळांसाठी खोल्या नऊ.

खाली बाजारात कुणी मयड्याच्या केळ्यांचा भाव सांगत होतं,
ऐकणारा मानत नव्हता.
आमचंही तेच चाललेलं, जरा सभ्य आवाजात.

मी चिटणीस. तक्ता माझ्याकडे.
विषयाची निकड, मांडणी, सहभाग,
आणि चौथा निकष दर वेळी कागद बघून सांगावा लागे.
एक अर्ज तिघांनी वाचायचा, गुण पाचपैकी.
आपल्या माणसाचा अर्ज निघाला की उठून बाहेर.
सातार्डेकर सर तीनदा उठले.
चौथ्यांदा एर्मेलिंडाबाय म्हणाल्या,
"सर, तुम्ही दारातच बसा की."
सरही हसले,
पण स्टूल खरंच थोडं दाराकडे सरकवलं.

सकाळी आम्ही उदार होतो.
खाऱ्या शेतातल्या भाताच्या बियाण्यावर अर्धा तास बोललो.
एकाने 'सहभागात्मक' हा शब्द अकरा वेळा लिहिला होता,
त्यालाही चार.
मग एक वाजला. पाव, भाजी,
वळवईकरबाईंच्या घरचं हुमण,
आणि ती वेळ, जेव्हा अख्खं बार्देस शटर ओढून आडवं होतं.

एकतिसावा अर्ज हाताने लिहिलेला.
शाबलो हरमलकर, शिवोलीकडे मानशीचा राखणदार,
खाडीच्या बांधातलं लाकडी दार सांभाळतो.
विषय: भरती दाराला टेकते तेव्हाचा आवाज.
वेळ: दीड तास, पण पाणी चढत असेल तेव्हाच.
साहित्य: काही नको. जमल्यास काळोख.
'सहभागींनी काय शिकावे' या रकान्यात दोनच शब्द,
ओगी रावप.
म्हणजे, गप्प राहणं.

वळवईकरबाईंनी चष्मा काढला आणि चार दिले.
सातार्डेकर म्हणाले, परिषद पणजीत, एसी हॉलमध्ये,
भरती काय कूलरमधून आणणार? तीन.
प्रश्न चुकीचा नव्हता.
मी पंख्याची सावली मोजत होतो,
पापण्यांवर हुमण.
मीही तीन.

नववा अर्ज तीन पूर्णांक सहासष्ट.
दहावा, म्हणजे हा, तीन पूर्णांक तेहेतीस.
मधे रेघ. ती मारायचं काम चिटणिसाचं.

रात्री बेरजा तपासायला तक्ता उघडला
आणि दिसलं ते असं:
जेवणाआधीच्यांना सरासरी साडेतीन,
नंतरच्यांना जेमतेम अडीच.
अर्ज आले त्या क्रमाने लावले होते;
ईमेल आधी पोचतं, टपाल मागून.
बाकी काही नाही. एवढंच.

एर्मेलिंडाबायना फोन केला.
खूप वेळ त्यांच्याकडची पाल ऐकू येत राहिली.
मग म्हणाल्या, "सगळे परत वाचायचे म्हणतोस?
तर मग सकाळचेही वाचू. दुपारी. जेवून."
आणि मग, हळू: "छापायला गेलंय रे."

चौतीस नकार पाठवायचे होते.
तेहेतीस एका बटणावर गेले.
एकतिसाव्याला ईमेल नाही, म्हणून पेन घेतलं.
'आपल्या प्रस्तावाचा साकल्याने विचार करण्यात आला'
इथे अडलो.
करण्यात आला. कुणाकडून?
कर्मणी प्रयोगात कुणालाही डुलकी लागत नाही.
खाली 'मी' लिहिलं.
समितीच्या कागदावर ते फार एकटं दिसलं,
खोडलं, पण शाई मागच्या बाजूला उतरली होती.
दुसरा कागद घेतला नाही.

तिकीट लावताना पेपर चाळला.
चौथ्या पानावर, सोन्याच्या भावाखाली,
भरती: रात्री अकरा बेचाळीस.
घड्याळात साडेअकरा.
पंखा बंद केला.
फ्रीज मात्र चालूच राहिला.