एकाच चौकटीत खूण करा

रात्रपाळी. तीन वाजून दहा मिनिटं.
आयला कोस्केला अर्ज उघडते.
मागे ब्लोअरची घरघर,
टाक्यांमध्ये शहराचं सांडपाणी खदखदतंय,
उकळल्यासारखं, पण गार.
बाहेर सुपिरियर सरोवर काठापासून मैलभर गोठलेलं.

अर्ज विचारतो: शाखा कुठली?
स्ट्रक्चर्स. माती आणि पाया. जलसंपदा. वाहतूक. पर्यावरण.
खाली बारीक अक्षरात:
एकाच चौकटीत खूण करा.

तिला आठवतो टॅनरी स्ट्रीटखालचा ओढा.
त्या जूनमध्ये तो रस्ता फोडून वर आला.
आधी सहा महिने वरच्या गल्लीतली ओल्गा डुबोव्स्की सांगत होती,
माझ्या पायऱ्या कलल्यात, कुठेतरी पाणी मुरतंय.
पालिकेतून कुणी आलं नाही.
मग एका रात्रीत मोरीचा पाइप चेपला,
ओल्गाची निळी गाडी खड्ड्यात नाक खुपसून उभी.
आता ही मोरी कुठल्या चौकटीत बसवू?
पाणी चढलं म्हणून जलसंपदा,
भराव खचला म्हणून माती आणि पाया,
वर रस्ता होता म्हणून वाहतूक;
आणि आठवडाभर विहिरींना डिझेलचा वास येत होता
तो कुणाचा?
ओढ्याने अर्ज वाचलेला नव्हता.

पुढचं पान. पदवीचा प्रकार.
विनाप्रबंध: संध्याकाळचे वर्ग, दहा विषय,
नोकरी टिकते, फी आपल्याच खिशातून.
प्रबंधासह: दोन वर्षं, विद्यावेतन,
म्हणजे आताच्या पगाराचा तिसरा हिस्सा,
आणि ही खुर्ची सोडायची.
पीएचडी: प्रोफेसर ओयेलारन फोनवर म्हणाले होते,
पाच वर्षं. किंवा लागतील तितकी.
हसले. मग हसायचे थांबले.

बाबा म्हणतात, पुलाचं शिक.
तीस वर्षं लोहखनिजाच्या धक्क्यावर काढलेला माणूस,
त्याला उभं राहिलेलं लोखंड कळतं.
पूल दिसतो, म्हणतात, लोक बोट दाखवतात, हा रायमोच्या पोरीचा.
गटाराकडे कोण बोट दाखवतं?
खरंय.
नीट चाललेलं गटार कुणालाच आठवत नाही.
चौतिसाव्या वर्षी तिला
न आठवलं जाण्यात कसलीतरी चैन वाटू लागली आहे,
हे बाबांना कसं सांगायचं.

आणि ड्वेन लाशापेल.
सव्वीस वर्षं याच टाकीवर, पदवी कसलीच नाही.
कठड्यावर वाकतो, डोळे मिटतो, एकदाच हुंगतो.
तळघरातल्या बटाट्यांसारखा वास, तर जिवाणू मजेत.
वास नुसता सपाट, तर म्हणतो, उद्या आजारी पडतील.
आणि पडतात.
प्रयोगशाळेचा आकडा दीड दिवसाने येतो,
तोवर ड्वेनने हवा वाढवलेली असते.
एप्रिलमध्ये तो निवृत्त होणार.
मिनिसोटा सोडून बहिणीकडे, टक्सनला, जिथे पाणीच नाही.
नाक बरोबर घेऊन जाईल.

प्रस्तावित संशोधनाचा विषय (पन्नास शब्दांत).
ती लिहिते: ड्वेनला काय कळतं.
खोडते.
लिहिते: सक्रिय गाळातील बिघाडाची पूर्वसूचना, गंधद्रव्यांच्या मोजणीवरून.
वाचून बघते. भाषेला इस्त्री बसली, सुरकुती गेली.
पण आत कुठेतरी तोच कठडा, तोच वाकलेला माणूस.
खूण करते: पर्यावरण. प्रबंधासह.

तेवढ्यात चार नंबरच्या पंपाचा भोंगा.
चिंध्या अडकल्या होत्या, नेहमीच्याच.
टॉयलेटात टाकू नका असं पाकिटावर लिहिलेलं असतं,
पण पाकीट कोण वाचतं.
परत येते तर पान मिटलेलं, काहीच साठवलेलं नाही.

पुन्हा नाव. पुन्हा जन्मतारीख.
चौकटीशी या खेपेला बोट अडखळत नाही.
विषयाच्या रकान्यात मात्र थांबते,
आणि पहिलंच वाक्य परत लिहिते.

सहाला ड्वेन येतो, बुटांवरचा बर्फ झटकतो,
नमस्कारचमत्काराआधी कठड्यापाशी जातो.
हुंगतो.
ठीक आहे, म्हणतो,
जिवाणूंना की तिला, कळत नाही.
ती पाठवा दाबते आणि डबा उचलते.