सत्तेचाळीस

आज सत्तेचाळीस.
पेपरात पहिल्या पानावर, लाल आकड्यात.
गोळीबार चौकातला जो तो
ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून म्हणतो, "मेलो आता."
मी मात्र ओट्यावरनं ओरडले,
"बाबा, मूळ संख्या!"

बाबा कूलरच्या पोटात खांद्यापर्यंत गेलेले,
दातांत सुतळी, अंगभर वाळ्याचा भुसा.
"काय मूळ?"
"कोणीच भागू शकत नाही तिला.
दोन नाही, तीन नाही, पाच-सातही नाही.
तिला फक्त ती स्वतः, आणि एक."
"मंग बिचारी एकटीच," बाबा म्हणाले
आणि टिल्लू पंप चाचपडू लागले.

एकटी नाही. हे कसं सांगू?
दहावीपासून मी उन्हाळा लिहून ठेवते
दुकानाच्या बिलबुकामागे, कोऱ्या बाजूला.
एप्रिलात नऊला एक्केचाळीस, अकराला त्रेचाळीस,
जुळ्या बहिणी,
मधे बेचाळीस, दोघींच्या वेण्या ओढणारी.
एकोणपन्नासची मला कीव येते.
पन्नासाला एक कमी, एवढंच तिचं नाव.
पाढ्यात घटकाभर ओळख पटते, सात साते,
की लगेच पोरं छप्पन्नावर उड्या मारतात.

रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या घातल्या.
मेंढे मॅडमनी घंटा झाल्यावर, घाईत,
फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ते बाबांना सांगितलं.
समजा, मूळ संख्या संपतात.
समजा, शेवटची सापडली.
मग पहिलीपासून तिच्यापर्यंत सगळ्या एकमेकींत गुणा
आणि वर एक ठेवा,
आहेराच्या पाकिटात ठेवतो तसा.
आता भागू दे त्यांच्यातल्या कोणालाही,
दर वेळी तो एक उरतोच.
म्हणजे कोणीतरी मोजायचं राहून गेलं,
यादीबाहेर, शेवटचीच्याही पुढे.

बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं, झोपले.
"म्हंजे आपला सीझन दोन महिन्यांत संपते
अन् हे नाही संपत?"
"नाही."
"कोनं पाह्यलं जाऊन?"
"जावंच लागत नाही, बाबा.
इथंच, गादीवर पडल्या पडल्या कळतं."

हे बोलले आणि माझ्याच अंगावर काटा आला,
अडतीस डिग्रीच्या रात्री.

खाली परात्यांच्या घरी माग चालू होता,
खट खट, खट खट, कोणाच्या तरी लुगड्याचा काठ.
"सत्तेचाळीसच्या पुढची कोनती?"
"त्रेपन्न."
बाबा कुशीवर वळले.
"धंद्याले बरं हाय. पन तिले म्हना, तिथंच राह्य."

मग मी एकटीनं, ओठ न हलवता,
एकोणसाठ. एकसष्ट. पुन्हा जुळ्या!
सदुसष्टला पोचते तोच
खालून आई ओरडली, नळ आले,
आणि मी आकडा तिथंच गच्चीवर ठेवून
बादल्या घेऊन धावले.