तीन थेंब

दर ऑगस्टला आमच्या थिएटरात तो सिनेमा लागतो.
बाहेर तोयामाचा चिकट उन्हाळा, झाडांवर सिकाडा कोकलत असतात,
आत एकशे बारा खुर्च्या, त्यातल्या नऊ मोडक्या.
मी तिकिटं फाडतो. बावीस वर्षं झाली.
दाराशी टोपलीत कागदी रुमालांची पाकिटं ठेवतो,
कोपऱ्यावरचा औषधवाला फुकट पाठवतो ती,
वर त्याची पोटदुखीच्या गोळ्यांची जाहिरात.
नवखे एक उचलतात, अनुभवी दोन.

"खरंच इतका रडवतो का हो?"
रश्शाचा रंग बघून वाढप्याला विचारावं,
फार तिखट आहे का, तसं विचारतात.

गोष्ट एवढीशी आहे.
रंगवलेलं शहर, रंगवलेली मुलगी.
शहर जळतं. आई ढिगाऱ्याखाली, पाणी मागते.
मुलगी किटली घेऊन नदीवर जाते,
भरते, परत निघते.
किटलीला तळाशी भोक आहे,
ते आपल्याला दिसतं, तिला नाही.
पोचते तेव्हा उरतात तीन थेंब.
तिथे व्हायोलिन सुरू होतं
आणि एकशे तीन खुर्च्या
एकदम नाक ओढतात.

पहिल्या वर्षी मीही रडलो, मागच्या पडद्याआड उभा राहून.
दुसऱ्या वर्षी मनात आलं, तीनच का?
दोन असते तर हात आखडता वाटला असता,
चार म्हणजे चैन.
कुणीतरी चहा पीत बसून हे ठरवलंय.
किटलीला भोक बॉम्बने नाही पाडलं.

रिन्तारो नावाचा विद्यार्थी तर तिकीटखिडकीशी येऊन भांडला:
"हा रडवण्याचा कारखाना आहे!
तेराशे येन द्या, हुंदका घ्या, घरी जाऊन नूडल्स खा."
डोळे लाल होते त्याचे.
मी म्हटलं, बाबा, पाकीट ने.
नेलं.

हाशिबा तोमे-सान दरवर्षी येतात.
सातवी रांग, कडेची खुर्ची.
त्या रात्री नऊ वर्षांच्या होत्या, जिन्झू नदीच्या काठावर.
"नदीला पाणी होतं," एकदा म्हणाल्या,
छत्री मिटता मिटता,
"पण..."
आणि छत्रीची कडी लावण्यात गुंतल्या.
मीही खोदून विचारलं नाही.

थेंबांच्या वेळी तोमे-सान चष्मा पुसतात.
काच पुसतात हं, डोळे नाही.
त्यांचं रडणं उरकलेलं असतं केव्हाच,
अकराव्या मिनिटाला,
थिएटर अजून कुरकुर चिप्स खात असतं तेव्हा.

भोंगा वाजायचाय अजून.
अंगणात बांबूवर कपडे वाळतायत,
त्यात एक चिमुकला सदरा, उलटा.
आई बाहेर येते, बघते,
सरळ करायला हात उचलते,
तेवढ्यात आत काहीतरी उतू जातं.
ती पळते.
सदरा तसाच.
चार सेकंद.
व्हायोलिन नाही. वारासुद्धा नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, इथे का?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणाल्या, "ज्यानं हे काढलं,
त्याला कुणी सांगितलं असेल?"

तर, एवढ्या कीर्तीला तो लायक आहे का?
तीन थेंबांसाठी म्हणाल, तर मी तेराशे येन परत मागेन.
पण कुणीतरी कागदावर वाकून
एका सदऱ्याच्या शिवणी आतल्या बाजूने काढल्या,
एकेक टाका,
चार सेकंदांसाठी,
कुणी बघणार नाही हे ठाऊक असून.
त्याचे पैसे किती लावायचे, मला कळत नाही.

म्हणून हल्ली कुणी विचारलं, खरंच इतका रडवतो का,
की मी म्हणतो, उशीर करू नका.
त्यांना वाटतं, दारं बंद होतात म्हणून सांगतोय.

खेळ सुटल्यावर झाडू घेतो.
सगळीकडे ओले बोळे, पोटदुखीच्या गोळ्या, पोटदुखीच्या गोळ्या.
सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर
पाकीट असतं, न फोडलेलं, नीट सरळ ठेवलेलं.
मी ते परत टोपलीत टाकतो.
कोण जाणे, किती वर्षं तेच एक पाकीट फिरतंय.