समाप्तीची अपेक्षित तारीख

आमच्या गावाचा नियम बोटांवर मोजता येतो:
एका गल्लीत दहा घरं, तर भाड्याने फक्त तीन.
चौथ्याला अडचण लागते.
अडचणीचा अर्ज माझ्या खिडकीत मिळतो,
फिकट पिवळा, दोन पानी, फी पंच्याहत्तर डॉलर.
(फी माफीसाठी वेगळा अर्ज आहे.)

आर्डिस क्वामी आली तेव्हा नदीवर बर्फ धरला होता.
पायपुसण्यावर बूट घासत राहिली बराच वेळ,
आत यायचं अजून ठरलं नसल्यासारखी.
मी तिला ओळखते. चौथीत तिने मला भागाकार शिकवला.
खिडकीतून मात्र आम्ही एकमेकींना मॅडम म्हणालो.

ऑरिन आता रॉचेस्टरला असतो, नव्वद मैलांवर,
दाराला आकड्यांचं कुलूप असलेल्या मजल्यावर.
तिला पाहून कधी उठून उभा राहतो,
कधी विचारतो, बसचं तिकीट तुमच्याकडेच ना?
तिने तिथे जवळच एक खोली पाहिली आहे.
इथलं घर सात महिने विक्रीला होतं.
किंमत दोनदा उतरवली.
आले ते तळघरातली ओल हुंगून गेले.
हे सगळं तिने पाच ओळींत बसवलं,
कारण अर्जात पाचच ओळी आहेत.
अक्षर अजून फळ्यावरचं.

सुनावणीला गेलन टफ्टी उभा राहिला, शेजारचा.
अकरा हिवाळे तिच्या दारातला बर्फ त्यानेच उपसला,
पैसे घेतले नाहीत, केक घेतला.
टोपी हातात चुरगाळत म्हणाला,
माझा तिच्यावर राग नाही.
पण समोर आधीच तीन घरं कॉलेजच्या पोरांची.
रविवारी सकाळी माझ्या झुडपांतून बिअरचे डबे मीच वेचतो.
आता कुंपणाला लागून चौथं?
मग माझं घर कोण घेईल, उद्या मी अडलो तर?
आर्डिसने मान हलवली,
एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवायची तशी.
नगरसेविका पाकू श्योंगने विचारलं, भाडेकरू कोण?
एक नर्स आणि तिची मुलगी.
मांजरही आहे, आर्डिस म्हणाली, सांगायला हवं ना?
कोणीतरी हसलं, मग खोकलं.

चार विरुद्ध तीन. एक वर्षासाठी मंजूर.

उरला एक रकाना. तो मी नेहमी शेवटी दाखवते:
अडचण संपण्याची अपेक्षित तारीख.
सैन्यातली मुलं परतायचा दिवस लिहितात,
बदलीवाले कंपनीचं पत्र जोडतात.
तिने कोरा ठेवला होता.
कोरा चालत नाही, मी म्हणाले.
माझं बोट रकान्यावर होतं आणि मला ते उचलता येईना.
ही अडचण कशाने संपते
ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.
मागे कुत्र्याच्या लायसन्ससाठी एक माणूस उभा होता.
त्याने घड्याळ पाहिलं नाही,
याबद्दल मी त्याची आभारी आहे.

मग तिने पेन घेतलं आणि लिहिलं: ३१ जून.

जूनचे दिवस तिनेच शिकवले होते आम्हाला,
मूठ पुढे धरून,
उंचवटा एकतीस, खाच तीस.
मी वर पाहिलं. ती हातमोजे शोधत होती.

काँप्युटरने तारीख घेतली नाही.
लाल चौकट आली. पुन्हा टाकली, पुन्हा लाल.
पाच वाजता मी तीस केलं,
पिवळा कागद मात्र तसाच फायलीत लावला,
शिक्का जरा वरच्या अंगाला मारून,
आकड्यांवर शाई येऊ नये म्हणून.

परवा तिकडून जाताना पाहिलं,
तिच्या दारातला बर्फ काढलेला होता,
एका फावड्याच्या रुंदीची वाट, कडा सरळ.
खिडकीत मांजर.
गेलनचं स्वतःचं अंगण अजून तसंच पडलं होतं.